आधी मीटर, मग डोळा

बाईंना सगळे तोफ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे शिकाऊ मुलांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. लोकांचा राग नाकाच्या शेंड्यावर येतो आणि जातो. तोफेच्या रागाने तिथे कायमचं बिऱ्हाड केलं होतं.

तरुणपणी ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडायला लागली, तेव्हा खड्ड्यात उतरलेली बाई बघायला लोक रस्त्यात थांबत. एकाने वाकून विचारलं होतं, काही पडलंय का आत? हो, तुमची अक्कल, शोधतेय, असं म्हणून तिने मातीत डोकं घातलं होतं. पुढे तांबं गेलं आणि केसाएवढी बारीक काच आली. त्या काचेतून प्रकाश धावतो आणि प्रकाशावर बसून जगाच्या गप्पा, हे समजून घ्यायला ती पोराएवढ्या मुलांच्या बाकावर बसली. परीक्षा दिल्या, प्रमाणपत्रं घेतली, ती जुनी झाली तेव्हा पुन्हा परीक्षा दिल्या. लग्न राहून गेलं. त्याचा राग तिला कधी आला नाही, इतर गोष्टी पुष्कळ होत्या. धाकट्या भावाच्या घरात वरची खोली तिची होती, आणि भावाची मुलगी तर तिने खांद्यावरच वाढवली होती.

आता ती नेटवर्कचं शिक्षण देणाऱ्या एका केंद्रात शिकवायची आणि परीक्षाही घ्यायची. तिच्या वर्गाच्या भिंतीवर तिनेच लिहून लावलेली ओळ होती: आधी मीटर, मग डोळा. गोष्ट साधी आहे. फायबरमधला, म्हणजे त्या काचेच्या तारेतला, प्रकाश माणसाला दिसत नाही. टोकावर धूळ बसलीय का हे बघायला छोटा स्कोप डोळ्याला लावतात, आणि तार जिवंत असली तर तो न दिसणारा प्रकाश स्कोपमधून थेट बुबुळात शिरतो. चटका बसत नाही, दुखत नाही. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून टोक आधी प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लावायचं, आकडा वाचायचा, प्रकाश नाही याची खात्री झाली की मोठ्याने ‘लाइन डेड’ म्हणायचं, आणि मगच स्कोपला डोळा लावायचा.

गंमत अशी, की केंद्रातली तार जन्मापासून डेडच होती. प्रकाश सोडणारी मोठी यंत्रं विकत घेतलेली होती, नाही असं नाही. पण केंद्राच्या संचालकांनी ती दारातच काचेच्या खोलीत मांडून ठेवली होती. पाहुणे आले की साहेब तिथे उभे राहत, हिरवे दिवे लुकलुकत, फोटो निघत. तोफ दर वर्षी सांगायची, एक यंत्र वर्गात द्या, मी पोरांना कोरड्या टाकीत पोहायला शिकवतेय. साहेब दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. त्यांच्या पुढच्या वर्षाला कॅलेंडरात पान नव्हतं.

मग एक दिवस मागच्या तुकडीतला एक मुलगा तिच्याकडे आला. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणत. त्याला त्याच्या प्रमाणपत्राची नक्कल हवी होती. तो बोलताना तिच्या कानाकडे बघत होता, म्हणून ती खेकसली, की बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघावं.

“तोंडाकडे बघितलं की तोंडच पुसलं जातं, मॅडम,” तो म्हणाला. “उजव्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय. बाजूला बघितलं की तुम्ही दिसता.”

कामावर लांब पल्ल्याची जिवंत लाइन होती आणि त्याने तिच्या टोकाला स्कोपमधून डोळा लावला होता. मीटर लावला नव्हतास का, असं तिने विचारलं.

“लावला की. लाइन डेडसुद्धा म्हणालो, मोठ्याने.”

“आकडा काय होता?”

शिडीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “आकडा कुठे बघतो आपण, मॅडम?”

तोफेच्या अंगाची लाही लाही झाली. पोरगा खोटं बोलत नव्हता. या खोलीत तो वर्षभर मीटर लावत होता, आणि आकडा बघितला काय न बघितला काय, रोज एकच येत होता. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं तो ‘लाइन डेड’ म्हणायला शिकला होता, आणि ते शिकवणारी ती होती. वर आणखी कळलं, की नक्कल त्याच्या कंपनीला हवी होती. माणूस प्रशिक्षित होता, तेव्हा चूक त्याचीच, हे सिद्ध करायला.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, आपण नियम शिकवला होता ना, भिंतीवरही आहे, मग आपल्याकडे बोट दाखवता येणार नाही. तिने त्यांना पुष्कळ सुनावलं. पालथ्या घड्यावर पाणी. साहेबांनी तिच्यासाठी पाणी मागवलं, आणि परीक्षा जवळ आलीय, जरा शांत राहा, असा सल्ला दिला.

त्या परीक्षेला तोफेची भाचीही बसणार होती. आत्याच्या मागे मागे फिरून हाच धंदा शिकायचा तिने हट्ट धरला होता. हात इतका साफ, की तिने जोडलेल्या काचेतली जोड यंत्रालाही सापडू नये. एका मोठ्या कंपनीत तिची निवड झाली होती. प्रमाणपत्र दाखवायचं आणि सोमवारी रुजू व्हायचं. घरात नवीन बॅगही आली होती.

परीक्षेच्या सकाळी तोफेने स्वतःच्या हत्यारांच्या पिशवीतला, तारेत प्रकाश सोडणारा तळहाताएवढा दिवा काढला आणि वर्गातल्या रॅकच्या मागून परीक्षेच्या तारेला जोडला. त्याचा प्रकाश अगदी मंद. दिवसभर डोळा लावून बसलं तरी काही होणार नाही असा. तिने हे कुणाला सांगितलं नाही. साहेबांना नाही, मुलांना नाही, भाचीलाही नाही. बाकीचे फसतील, पण आपली पोरगी आकडा वाचेल, एवढी तिची खात्री होती.

भाची पहिली आली. तार सोलली, कापली, जोडली. बघत राहावं असं काम. मग टोक मीटरला लावलं. मीटरच्या पडद्यावर आकडा ढळढळीत उभा होता. भाचीची नजर त्याच्यावरून माशी उडावी तशी गेली. “लाइन डेड,” ती खणखणीत आवाजात म्हणाली आणि तिने स्कोपला डोळा लावला.

तोफेने कागदावर नापास लिहिलं. मागून आलेल्या सगळ्यांनी तेच केलं आणि सगळ्यांच्या नावापुढे तोच शब्द लागला. शेवटी तिने मीटर सगळ्यांपुढे धरला, रॅकमागचा दिवा ओढून टेबलावर ठेवला, आणि वर्गाला जे काही बोलली ते बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेलं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. अख्खी तुकडी नापास म्हणजे केंद्राचं नाक कापलं जाणार होतं. ते म्हणाले, ठरलेली परीक्षा डेड लाइनवर असते, तुम्ही सापळा लावलात, निकाल बदलून सही करा. ती म्हणाली, हात तोडून ठेवते टेबलावर, त्याच्याकडून करून घ्या.

घरी तर ताटं वाढलेली तशीच राहिली. भावजय डोळ्याला पदर लावून म्हणाली, ताई, घरच्या पोरीची तरी गय करायची. तोफ म्हणाली, घरच्या पोरीचे डोळे घरच्यांनी नाही सांभाळायचे तर कुणी? खरी लाइन असती तर आज काय झालं असतं?

“असती तर,” भाऊ म्हणाला. “आत्याबाईला मिशा असत्या तर, ताई. नव्हती ना?”

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. भाची पानावरून उठून गेली. दोन दिवस ती आत्याशी अक्षर बोलली नाही. तोफेने एकदा तिला खिडकीशी पाहिलं. ती एक डोळा झाकून समोरच्या इमारतीकडे बघत होती, मग दुसरा झाकून बघत होती. घाबरली ते बरं झालं, असं तोफ रागानेच स्वतःला म्हणाली. तरी जिना चढताना तिने दोनदा मागे वळून बघितलं.

तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर भाची केंद्रात आली. तोफ एकटीच टेबल आवरत होती.

“नापास केलंस त्याचा मला राग नाही,” भाची म्हणाली. “तू माझ्या डोळ्यात प्रकाश सोडलास आणि मला सांगितलं नाहीस.”

“त्याने काही होत नाही. मी मोजून सोडला होता.”

“मला कुठे माहीत होतं?”

“मीटर वाचला असतास तर कळलं असतं.”

“आणि नाही वाचला म्हणून माझा डोळा तुझ्या मालकीचा झाला? दोन रात्री मी डोळा झाकून बघतेय, डाग पडलाय का म्हणून. शिडीला बघून तुला राग आला, तर साहेबांच्या डोळ्यात सोडायचास. तिथे तुझी तोफ थंड पडते. मिळालो आम्ही.”

तोफेला आयुष्यात पुष्कळ राग आले होते, पण खरं ऐकून आलेला राग सगळ्यांत वाईट. काही होत नाही म्हणजे नाही, ती ओरडली, बघ, मीच बघते. परीक्षेनंतर तिने दिवा पुन्हा रॅकमागे जोडून ठेवला होता, आणि टेबलावर परीक्षेच्या तारेचं टोक स्कोपमध्ये बसवलेलंच होतं. तिने स्कोप उचलला आणि डोळ्याकडे नेला.

भाचीचा तळहात मध्ये आला. तिने स्कोप हिसकावून खाली ठेवला, टोक काढून मीटरला लावलं, आणि या वेळी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“लाइन जिवंत आहे,” ती म्हणाली. “आणि हा प्रकाश तुझ्या दिव्याचा नाही.”

आकडा तोफेनेही वाचला. असा आकडा घरगुती तारेत नसतो, लांब पल्ल्याच्या लाइनवर असतो. तिने रॅकमागे हात घातला. तिचा दिवा सुटून बाजूला पडला होता, आणि त्याच्या जागी जोडलेली नवीन पिवळी तार भिंतीतल्या भोकातून दाराकडे, काचेच्या खोलीकडे गेली होती. तिने ती उपटली आणि टोकाला टोपी घालून तशीच साहेबांकडे गेली. हे कुणी जोडलं आणि मला न सांगता का जोडलं, असं तिने दारातूनच विचारलं.

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. वर्षानुवर्षं तुम्हीच मागत होता, म्हणून कालच जोडून घेतलं, ते म्हणाले. पुढच्या परीक्षेला उपयोगी पडेल.

“जिवंत तार वर्गात आणून ठेवता आणि कुणाला सांगत नाही?”

“परवा तुम्ही तरी कुणाला सांगितलं होतं, बाई?”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिचा प्रकाश मंद होता, यांचा नव्हता. तिने मोजला होता, यांनी नाही. सगळं खरं होतं. त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडून फुटलं नाही, कारण भाचीने नुकतंच त्या वाक्यांचं काय केलं होतं ते तिला आठवलं. ती मागे वळली. इतका राग आणि तो टाकायला जागा नाही, असं तिला कधी झालं नव्हतं.

वर्गात भाची हत्यारं पिशवीत भरत होती. तोफेने निकालाचा कागद काढला, पेन काढलं.

“आज तू बरोबर केलंस,” ती म्हणाली. “माझ्यासमोर केलंस. मी पास लिहिते. सोमवारी रुजू हो.”

भाचीने पिशवीची चेन लावली.

“नको लिहूस. पुढच्या तुकडीत बसेन, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली.” ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “मी नियम म्हणून मीटर लावला नाही, आत्या. तुझा भरवसा वाटला नाही म्हणून लावला.”

यापेक्षा बरोबर उत्तर तोफेला आजवर कुठल्याच विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. कारखान्याच्या लेबलावर, शिक्षकावर, साहेबावर, कुणावर भरवसा ठेवायचा नाही, हेच तर ती घसा कोरडा करून शिकवत आली होती. भाची जिना उतरत होती. तोफेने पेनाला टोपण लावलं, नापास हा शब्द तसाच राहू दिला, आणि पावलांचा आवाज बंद होईपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली.