फुगलेली नळी आणि माझी सही

बंदुकीची नळी फुगली तरी बाहेरून चटकन दिसत नाही. उन्हात आडवी धरून हळूहळू फिरवावी लागते. मग लोखंडावर सावलीची एक बारीक अंगठी दिसते. त्या अंगठीपायी माझ्यावर आळ आला होता.

मी चौथीपर्यंत शिकलो. पास की नापास ते विचारू नका, निकालाच्या दिवशी मी बापासोबत कामावर होतो. पुढे नागपुरात गांधीबागेतल्या एका बंदुकीच्या दुकानात मिस्त्री झालो. दुकान मालकाचं, परवाना मालकाचा. हात माझे. शिकार तेव्हा बंद झाली होती, पण पिकाच्या राखणीसाठी खेड्यापाड्यांत परवान्याच्या बंदुका होत्या, आणि बिघडल्या की त्या माझ्याच टेबलावर येत.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सावनेरकडचे एक पाटील आपली रायफल घेऊन आले. सोबत त्यांचे जावई, कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणारे. रायफल माझ्या ओळखीची होती. मृगाच्या सुमारास मीच दुरुस्त केली होती. गोळी सुटल्यावर रिकामं काडतूस नळीच्या मागच्या खोलीत, जिथे ते भरतात तिथेच, अडकायचं, म्हणून ती खोली मी हलक्या हातानं घासून गुळगुळीत केली होती. आता नळी फुगली होती, आणि जावईबापू घरूनच कागद टाइप करून घेऊन आले होते. मिस्त्रीच्या हलगर्जीमुळे नळी निकामी झाली, असं त्यात लिहिलं होतं. नवी बंदूक घ्यायची तर कचेरीत कारण दाखवावं लागतं. ते कारण म्हणजे मी. खाली सहीपुरती जागा सोडलेली.

मालक म्हणाले, "कर ना गा सही. पाटील जुने गिऱ्हाईक आहेत. तुले मी कामावरून थोडीच काढून राहिलो?"

"मी केलंच नाही, तं सही काहून करू?"

हा कागद एकदा कचेरीत गेला की शहरात माझ्या हाती कोणी साधी छर्ऱ्याची बंदूकही देणार नव्हतं. मालकाला ते कळत होतं. मलाही.

जावई समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे पाहा मिस्त्री, तुम्ही मागची खोली घासली. त्यामुळे दाब बिघडला आणि नळी फुगली. हे शास्त्र आहे."

"शास्त्र आहे तं मागं फुगाले पाह्यजे होती. हे तं तोंडापासून चार बोटांवर फुगली."

"नळीच्या आत काय होतं ते तुम्हाला काय माहीत?"

"साहेब, रोज आतच पाहून राहिलो. तुम्ही फळ्यावर काढली असन, मी हातात धरली."

लोकांना वाटतं, गोळी नळीतून पाइपातल्या पाण्यासारखी निघून जाते. तसं नाही. रायफलची गोळी नळीपेक्षा केसभर जाडच असते. दारू पेटली की ती जबरदस्तीनं आत ठोसली जाते. नळीत पिळाचे आटे असतात, ते तिचं अंग कापतात आणि तिला गरागरा फिरवत पुढे नेतात. जोराचा खरा तडाखा मागेच असतो. गोळी पुढे सरकली की धुराला जागा मिळते आणि जोर ओसरत जातो. म्हणून तर नळी मागे जाड आणि पुढे बारीक घडवतात. पण पुढे गोळीचा वेग फार असतो. तिथे वाटेत काही आडवं आलं की गोळी दचकते, मागचा जोर त्याच जागी कोंडतो आणि लोखंड फुगतं.

हे बोलून कोणी मानलं नसतं. मी शिशाचा एक गोळा घेतला, तेल लावलं, लाकडी हातोडीनं नळीच्या तोंडात ठोकून बसवला आणि पितळी गज जावयांच्या हाती दिला.

"ढकला. तुम्हीच ढकला."

त्यांनी घड्याळ काढून ठेवलं, बाह्या वर केल्या. गोळा घट्ट जात होता. चार बोटं आत गेला आणि गज एकदम सुळकन सरकला. ते थांबले. पुन्हा जोर लावला. आता परत घट्ट, आणि पार मागच्या खोलीपर्यंत सारखाच घट्ट.

"मागं कुठी ढिला लागला?"

"नाही," ते म्हणाले. गोळा मागून बाहेर पडला, त्यावर आटे स्वच्छ उमटले होते. जावई तो बोटांत फिरवत बसले.

पाटील तापले. "मंग फुगली काहून?"

"तोंडात काहीतरी होतं, पाटील. शेवटली कधी चालवली?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. डुकरं शिरली होती कपाशीत."

"दसऱ्याले पूजा कोणं केली?"

"आईनं. दरसालच करते. हळद, कुंकू, झेंडू, अन् पहिल्या वेचणीचा कापूस. विळ्याले, वखराले, साऱ्यायले वाहते."

"बंदुकीले कुठी वाहते?"

पाटलांचा आवाज खाली आला. "तोंडात. पडते म्हणून काडीनं आत सारते. मी दुसऱ्या दिवशी काढून घेतो. औंदा घाईत…"

तो आतच राहिला होता. ओल्या कुंकवाचा, सरकीसकट कापूस. धावत्या गोळीला तेवढा पुरे.

मला वाटलं, मिटलं. पण पाटील जवळ येऊन म्हणाले, "मिस्त्री, आई ऐंशीची आहे. तिच्या पूजेनं बंदूक गेली असं कागदावर कसं लिहू? तुम्हीच करून टाका सही. तुमचं काय जाते?"

मालकानं पेन पुढे केलं. "घे ना गा. मोठ्या मानसाचा शब्द आहे."

"तुमच्या आईले मी बोल लावत नाही, पाटील. कागदावर तिचं नाव नका टाकू. पण तिचा मान राखाले माझा काहून कापता?"

जावयांनी कागद उचलला, घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला. सासऱ्याकडे न पाहता म्हणाले, "मी चूक लिहिलं होतं. यावर कोणाचीच सही नको."

मी सांगितलं, "फुगलेला तुकडा कापतो, तोंड नवं करून देतो. नव्या बंदुकीची गरज नाही. मजुरी पुरी घेईन. अन् आईले म्हणा, पुढल्या दसऱ्याले बंदुकीच्या गळ्यात हार घाला, तोंडात काही नका देऊ."

त्याच दुपारी नळी लेथवर चढवली. मालक तीन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. न बोलोत. पाटलांच्या गावात पुढे कित्येक वर्षं सांगत, नागपूरच्या मिस्त्रीनं चांगली बंदूक आखूड करून टाकली. खरं आहे, आखूड मीच केली. फुगवली मी नाही, आणि फुगवली असं माझ्या सहीनं कुठल्याच कचेरीत लिहिलेलं नाही.