डोळ्यांचा रंग

सत्तर सालच्या सुमारास कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी एक बंगाली गृहस्थ बसत. ईथरने गुंगवलेल्या फळमाश्या डोळ्यांच्या रंगावरून निवडायच्या, हे आमचं काम. पण प्रत्येक लाल डोळ्यापाशी यांची हाक, "दादा, एक बार देखिए ना!" त्यांच्या सूक्ष्मदर्शकात बघून मी "अरे बाबा, लाल ही है" म्हणेपर्यंत इकडे माझ्या माश्या शुद्धीवर येऊन पसार!

मग शहरात डोळ्यांची साथ आली. माझे डोळे सुजून लालभडक झाले, तरी माशीची छटा न् छटा ओळखणाऱ्या या माणसाला ते दिसेनात. दिवसभर हाका, आणि तेच सूक्ष्मदर्शक आळीपाळीने दोघांच्या डोळ्यांना.

दोन दिवसांनी लालबुंद डोळे घेऊन ते माझ्यापुढे वाकले. "दादा, एक बार देखिए ना! आपके जैसा ही लाल है ना?"