आत्याने म्हणायचं कडवं

“अगं, आत्या नुसतीच गुणगुणतेय!” पाळण्यापलीकडून शेजारच्या काकू हसत म्हणाल्या. दादाच्या मुलीचं बारसं होतं. तिच्या कानात ‘कुर्रर्र’ करून मी नाव सांगितलं होतं आणि आता पहिलं कडवंही मीच म्हणायचं होतं.

माझ्या इंग्रजी शाळेत शब्द न येणाऱ्या मुलींना कोरसच्या मागच्या रांगेत गुणगुणायला उभं करत. ते गाण्यात धरलं जाई. घरी गुणगुणणं म्हणजे भाकऱ्या थापणारी आई. इथे मात्र बायका पाळणा ‘म्हणतात’, त्याला शब्द लागतातच. आईला सगळी कडवी पाठ होती. मी तिला एकही कधी विचारलं नाही.

सगळ्याजणी थांबल्या. दोरी माझ्याच हातात होती.

“मला पाळणा येत नाही, काकू,” मी म्हणाले. “आई असती तर तिनं म्हटला असता.”