खुर्चीचा सराव

पंचायतींत बायकांना राखीव जागा नुकत्याच मिळाल्या होत्या, आणि निवडून आलेल्या बायकांना पुढारीपण शिकवायची नोकरी मला मिळाली होती. राहायला मी रोह्यात, शिबिरं पेणला. माझा आवाज खणखणीत होता आणि त्याचा मला भारी तोरा होता.

शिबिरात आमचा एक खेळ असायचा. मधोमध खुर्ची मांडायची. तिच्यावर एक बाई सरपंच म्हणून बसायची, दुसरी तिचा नवरा व्हायची. बाकीच्या सरपंचाला प्रश्न विचारायच्या आणि नवरा मध्येच तोंड घालायचा, "तिला काय इचारता? मना इचारा." मग सरपंचाने त्याच्याकडे न बघता म्हणायचं, "मी बोलते." ज्या पुटपुटायच्या त्यांना मी दटावून परत म्हणायला लावायची. "पोटातून येऊ दे आवाज!"

खाडीकाठच्या एका गावची सरपंच या खेळात सगळ्यांच्या पुढे. मिठागरावर राबलेली, बोलायला धीट. पण गावच्या बैठकांत तिच्या खुर्चीवर अजून नवराच बसत होता. एके दिवशी संध्याकाळी वडखळला एसटी बदलून ती थेट माझ्या घरी आली. हातात सुक्या जवळ्याची पुडी. रविवारी तिची पहिली ग्रामसभा होती.

"तुमी नुसत्या येऊन बसा, ताई," ती म्हणाली. "भायेरची शिकलेली बाई समोर असली म्हंजे तो खुर्ची सोडल. परक्या मानसाची त्याला लाज हाय."

मी तोंड उघडलं. पण धाटावच्या कंपनीतून नुकताच आलेला माझा नवरा बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, "रविवारी हिला जमायचं नाही हो. आमचे साहेब जेवायला येतायत." अगदी गोड आवाजात. साहेब येणार हे मलाही तेव्हाच कळलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. वाटच बघत होती. 'मी बोलते' हे दोन शब्द मीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते. मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत गेले. स्टोव्हपाशी माझे कान तापले. बाहेर तो तिला मीठ कसं पिकवतात ते विचारत होता आणि ती नीट उत्तरं देत होती. मी कप घेऊन आले तर ती आपणहूनच म्हणाली, "व्हय, पावनं यायचं म्हंजे घर सोडता येत नाय." तिने माझी बाजू सावरली याचीच मला जास्त लाज वाटली.

रविवारी मी कोंबडी शिजवली. साहेबांनी रस्सा मागून घेतला.

पुढच्या शिबिराला ती आली. ग्रामसभेचं विचारायचं मी टाळत होते, तर तिनेच सांगितलं. नवरा खुर्चीवर बसला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. गावात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

खेळाची वेळ झाली तशी ती उठली. "आज मी नवरा. ताई, तुमी बसा खुर्चीव."

बायकांना गंमत वाटली. मी बसले. कोणीतरी विचारलं, "सरपंचबाई, आमच्या गावाला येनार काय?" तिने खाली वाकून नसलेल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि गोड आवाजात म्हणाली, "रविवारी हिला जमायचं नाही हो."

हशा पिकला. ती हसत नव्हती. "मी बोलते," मी कसंबसं म्हणाले.

"आयकू आला नाय. पोटातून येऊ दे."

मी परत म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"हां," ती म्हणाली. "आता घरी म्हना. मंग माझ्या गावाला या."

परतीच्या एसटीत मी ते मनातल्या मनात घोकत होते. घरी पोचले तेव्हा नवरा पेपर वाचत बसला होता. "दमलीस?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हणाले, आणि चहा टाकला.