जानकीबायची साक्ष

जानकीबाय पाण्यात पाय घातल्याशिवाय पाण्याविषयी एक शब्द बोलत नसे. पहिल्या भेटीत मी बांधावरूनच विचारलं, "मावशी, इथे खोली किती?" तिने लुगडं वर खोचलं, चिखलात उतरली आणि मांडीपर्यंत पाणी आल्यावर वळून म्हणाली, "आज एवरां. अवसेला ये, कमरेला लागल."

मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत कंत्राटावर होते. किनाऱ्यावरच्या पाणथळ जागांची यादी करायचं काम कंपनीला मिळालं होतं. कुठल्या जागा राखायच्या, हे सरकार त्या यादीवरून ठरवणार होतं. माझे वडील साताऱ्याहून येऊन मार्केटात माथाडी झालेले. मी कोपरखैरण्यात वाढले, पण खाडी मला पुलावरून दिसते तेवढीच ठाऊक. उरणच्या बाजूच्या त्या आगरी गावात गेल्यावर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. जानकीबाय विधवा होती, माहेर-सासर त्याच गावात, मूलबाळ नव्हतं, पुतण्याच्या घरात राहायची. खाडीतले खेकडे म्हणजे चिंबोऱ्या, आणि चिखलातले निवट्या मासे हाताने धरून उरणच्या बाजारात विकण्यात तिचा जन्म गेला होता.

पंधरा दिवस ती माझ्या पुढे चालली आणि मी तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागे. कुठल्या बिळात चिंबोरी आहे आणि कुठलं रिकामं, हे ती नुसत्या कडेच्या ओलीवरून सांगे, मग खांद्यापर्यंत हात घालून खरं करून दाखवी. परतताना बांधावर बसून मला फर्मावी, "काय लिवलास, वाच." मी फॉर्म वाचून दाखवायचे आणि ती चुका काढायची.

एका डबक्यापुढे मी 'बारमाही पाणी' असं लिहिलं होतं. तशी नोंद वजनदार दिसते, एवढाच माझा हेतू.

"चैतात आटतां ह्या," ती म्हणाली.

"महिनाभराचाच प्रश्न आहे, मावशी. राहू दे."

"खोड ते. एक खोटां लिवशील, तर तुजे खऱ्यावर पन कोन इस्वास नाय ठेवाचा."

मी खोडलं.

गावामागचं मोठं तळं तिने शेवटी दाखवलं. थंडीचे दिवस होते. फ्लेमिंगो इतके उतरले होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. जेवायला बसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी जानकीबाय त्यांच्याकडे बघत होती. "माजे आज्यानं बांध घातला," ती अभिमानाने म्हणाली. "मिठागर होतां हितं. माजे लग्नाचे आदी मीठ बंद झाला. मंग भरतीचा पानी शिरला, तिवराची झाडां आली, मासली आली, ही पाखरां आली. आमी बांध घातला, बाकी समदां दर्यानं केला."

फॉर्मवर दोनच चौकोन होते : नैसर्गिक, मानवनिर्मित. मी दुसऱ्यात खूण केली आणि खाली लिहिलं, 'स्थानिक महिलेने दिलेल्या माहितीनुसार बांध मानवनिर्मित.' शेजारी शेऱ्याचा रकाना होता. दर्याने काय केलं ते तिथे लिहिता आलं असतं. ऊन चढलं होतं, मला बस गाठायची होती. तो रकाना मी कोरा सोडला.

यादी आली, तिच्यात ते तळं नव्हतं. मिठागरं आणि माणसाने केलेली तळी नियमातच बसत नव्हती. जागा मोकळी ठरली आणि कंटेनर ठेवायच्या यार्डासाठी मागणीही आली. गावाने हरकत घेतली. सुनावणीला कंपनीतर्फे मला पाठवलं. मी शेवटच्या रांगेत बसले.

अधिकाऱ्याने माझाच फॉर्म वाचून दाखवला. मग जानकीबायला उभं केलं.

"बाई, हे तुम्हीच सांगितलं?"

"मीच सांगला."

"बांध तुमच्या आजोबांनी घातला, हे खरं की खोटं?"

पुतण्या तिच्या कानाशी लागला. "काकी, नाय बोल. एक डाव नाय बोल." मागून दोघंतिघं तेच पुटपुटले. नाही म्हणाली असती तर फेरतपासणी झाली असती, निदान वर्ष निघालं असतं.

"बांध आज्यानंच घातला," ती म्हणाली. "पन पानी कोनी आनला, पाखरां कोनी बोलावली, ता पन इचार ना, सायबा."

"त्याची नोंद नाहीये इथे," अधिकारी म्हणाला. उद्धटपणे नव्हे. त्याच्यापुढच्या कागदावर खरंच नव्हती. ती कुणाच्या हातून राहिली हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं, आणि मी उठले नाही.

पावसाळ्याआधी डंपर आले. भरावाला दोन महिने लागले. गावाने राग कंपनीवर काढला नाही, अधिकाऱ्यावर काढला नाही. 'हिनंच घालवला' म्हणून बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

दोन वर्षांनी ती मला कोपरखैरण्याजवळच्या बोनकोड्याच्या बाजारात दिसली. थर्माकोलच्या पेटीत बर्फातले बांगडे घेऊन बसली होती. स्वतःच्या हाताने न धरलेला मासा जिने कधी विकला नव्हता, ती गिऱ्हाइकाला "ताजा हाय" म्हणून सांगत होती. मला पाहून तिने मान खाली घातली.

मीही काही तिची विचारपूस करायला थांबले नव्हते. कंपनीला नवं काम मिळालं होतं, यादीतून सुटलेल्या जागा शोधायचं. मी तेच बोलले. "मावशी, या वेळी शेऱ्यात सगळं लिहीन. तू सांगशील तसं."

ती बर्फ सारखा करत राहिली. मग म्हणाली, "एक तली हाय अजून. कोनाचा बांध नाय, काय नाय. पाखरां आता तितंच जातान."

"कुठे?"

"नाय सांगाचा."

"अगं, नोंद झाली तर वाचेल ती."

"तू लिवलास म्हून कंचां वाचला, पोरी?"

मी अर्धा किलो बांगडे मागितले. तिने दिले नाहीत. "तुज्यासाठी नाय ते. चार दिसांचे हायेत," म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात ती तापाने गेली. मला कळलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं. गावात गेले तर पुतण्या ओट्यावर बसला होता. त्याने 'बसा' म्हटलं नाही. मी उभ्यानेच चार शब्द बोलले आणि निघाले, तेव्हा त्याने हाक मारली.

"म्याडम, एक तली हाय असां काकी बोलाची. कुठं ता आमाला नाय सांगला. तुमाला सांगला काय?"

"नाही."

"बरां केला काकीनं," तो म्हणाला आणि उठून आत गेला.