बंद पंख्याखाली आबा

काल दुपारी जळगावात लाइट गेली. पलंगावर आडवा होतो, डोक्यावरचा पंखा कुरकुरत थांबला... आणि मी एकदम धुळ्याच्या त्या वॉर्डात जाऊन पोचलो.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, शिंदखेड्याकडचे कापूस पिकवणारे शेतकरी. छातीत दुखतं म्हणून धुळ्याला अ‍ॅडमिट केलं होतं. ऐन मे महिन्यात, सकाळच्या चहाच्या वेळेला गेले.

आदल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना पुन्हा दिसू लागलं होतं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगायचे, मी गेलो की माझे डोळे देऊन टाका. वॉर्डातल्या लीला सिस्टरांनाही सांगून ठेवलं होतं. आम्ही हसण्यावारी न्यायचो...

सिस्टर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, बोलणं मोजकं. मला काही न विचारता त्या आधी मायजवळ जाऊन बसल्या. "अक्का, आबांची इच्छा तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही नाही म्हणालात तर मी फोनला हात लावणार नाही."

मायने पदर तोंडाशी धरून होकारार्थी मान हलवली. सिस्टरांनी जळगावला ट्रंक कॉल लावला. डोळ्यांचे डॉक्टर जीपने निघाले.

मग सिस्टरांनी आबांच्या पापण्या मिटवल्या, वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी सरकवली... आणि पंखा बंद केला. वाऱ्याने बुबुळं सुकतात, म्हणाल्या.

इथूनच सगळं बिनसायला लागलं. आबांना उकाडा जरा सोसायचा नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. त्यामुळे जो आत येई तो पाया पडायच्या आधी पंखा लावी. मायेपोटीच! सिस्टर उठून बंद करायच्या, माझी बहीण रडत रडत पुन्हा लावायची.

शेवटी सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि बटणांना पाठ लावून बसल्या. धाकटे काका भडकले. "काबर वं सिस्टर, लाइटनं बिल तुम्हीन भरतस का?"

"हो, भरते. तुम्ही बसा."

काकांनी मग मला दाराशी नेलं. "भाऊ, बठ्ठा गाव तोंड दखाले थांबेल शे. डोयासना जागावर खड्डा दिसनात ते काय सांगशी?"

डोळ्यांच्या जागी खड्डा... आणि अख्खं गाव तोंड बघायला थांबलेलं. शाळेत पाठ केलेल्या कवितांवर जगलेला माणूस मी. तिथे डोळे म्हणजे कमळं, चांदण्या, नाहीतर भरलेली तळी. भीती वाटली की मी मनातल्या मनात एखादी कविता म्हणतो, चालीसकट. त्या दिवशी एकही ओळ पुरी आठवेना. समोर फक्त आबांचा चेहरा, त्यात दोन काळी भोकं... आणि ती बघणारी माय.

जीप येईना. एक भीती अशी की ती येणारच नाही आणि आबांचा शब्द वाया जाईल. दुसरी अशी की ती येईल. कुठली भीती मोठी होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात माय बोलली. सिस्टरांकडे बघून. "वर जाईसन माले कसा वळखतीन वं?"

काका खाली बघायला लागले.

सिस्टर स्टुलावरून उठल्या नाहीत. "मोतीबिंदूने दिसत नव्हतं अक्का, तेव्हा कसे ओळखायचे?"

माय म्हणाली, "पायना आवाजवर."



एकदाची जीप आली. खाटेभोवती पडदा ओढला गेला. आतून स्टीलच्या ट्रेचा बारीक आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी बाहेर भिंतीला टेकून उभा. आम्ही होकार दिला ते चुकलं, असं मन सारखं म्हणत होतं.

सिस्टर बाहेर आल्या. "आधी तुम्ही बघा. तुम्हाला धीर आला तरच अक्कांना आणू."

पडदा बाजूला केला तेव्हा मीच डोळे गच्च मिटले होते. मग उघडले...

आबा होते. जेवून दुपारी निजायचे, अगदी तसे. सिस्टरांनी आत कापूस नीट बसवून पापण्या मिटवल्या होत्या. केससुद्धा विंचरले होते.

माय आली. वाकून तिने बोटाने एकेक पापणी चाचपली. सिस्टरांनी अडवलं नाही.

"झोपेल शेतस," ती म्हणाली. आणि सिस्टरांकडे वळून, जवळजवळ रागानेच, "आते तरी लाय वं माय तो पंखा!"

सिस्टरांनी बटण दाबलं. आबांचे पांढरे केस कपाळावर हलले. त्या वाऱ्यात मला एक कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आठवली... मी ती ओठांतल्या ओठांत आबांना म्हणून दाखवली.

लीला सिस्टर आज कुठे असतील, ठाऊक नाही. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, ते आज इथे मानतो.

काल लाइट आल्यावर सूनबाई धावत आली, बाबा, पंखा वाढवू का म्हणाली. म्हटलं, वाढव. पण माझ्या वेळी तो सगळ्यात आधी बंद करायचा. पाहुणे चिडतील, बिलावरून बोलतील... तू आपलं स्टूल घे आणि बटणाला पाठ लावून बसून राहा.