हिरावहिनीच्या नावाचा बोर्ड

कावळा लगेच शिवला. पाताळगंगेच्या काठी हिरावहिनीच्या दहाव्याला पान ठेवून लोक चार पावलं मागे सरतात न सरतात, तोच तो आला आणि पानावरचा सुरमईचा तुकडा उचलून गेला. "सुटली बाई, कसली इच्छा राहिली नव्हती," असं म्हणत सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. वहिनीचा मुलगा मनोहर, माझा भाचा, डोळे पुसत होता. मी मात्र तिथेच मोठ्यांदा म्हणाले, "कावळ्याला काय कळतंय? तो तुकडा फ्रीजरमधला होता. चार दिवसांचा!" बायकांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. दुःखाने बोलतेय बिचारी, असं त्यांना वाटलं. दुःख होतंच हो, पण बोलत होते ती रागाने. आज दीड महिना झाला, तो राग तसूभर उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

हिरावहिनी माझी भावजय. नणंद-भावजयीचं कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, पण आमचं तसं नव्हतं. ती लग्न होऊन लोधिवलीला आली तेव्हा मी सहावीत होते. आमची भातशेती, घर मुंबई-पुणे रस्त्याला लागून. ती उरणजवळच्या करंजाची, बाप आणि भाऊ होडीवर जाणारे. आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात दारावर मासेवाला आला. पनवेलच्या बाजारात जे खपायचं नाही ते घेऊन तो दुपारी आमच्याकडे वळायचा, आणि मासे आणायचा ते मुंडकी उडवलेले. आईने नेहमीसारखे घेतले. वहिनीने टोपात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मुंडकी कुठं हायेत यांची?" आई म्हणाली, "मुंडकी काय करायचीत? एवढ्या लांब असंच मिळतं." नवी सून, डोक्यावरचा पदर अजून नीट बसलेला नाही, पण ती उसळून म्हणाली, "समुद्र लांब हाय म्हनून आमी सडकं खायाचं?" आईने आठ दिवस तोंड फुगवलं. वहिनीने मला मागच्या पडवीत नेऊन समजावलं, की मुंडकं उडवतात ते कल्ला दिसू नये म्हणून. कल्ला लाल असला तर मासा आजचा, विटकरी झाला तर कालचा, आणि मुंडकंच नसेल तर समजून घ्यायचं, काय ते!

त्यानंतर तिने जे केलं ते आज कुणी सांगत नाही. वर्तमानपत्रात तिच्या निधनाची चार ओळींची बातमी आली, तीत लिहिलं होतं की तिने 'पतीच्या व्यवसायाला मोलाची साथ दिली'. साथ? अहो, व्यवसाय तिचा होता, साथ दादाने दिली! करंजाला जाऊन भावाशी बोलून आली ती. पहाटेच्या पहिल्या एसटीच्या टपावर भाऊ टोपली चढवायचा, खाली बर्फ, वर ओलं गोणपाट. दादा ती पनवेलला उतरवून घ्यायचा आणि ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर लोधिवलीला आणायचा. दहाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला आमच्या फळीवर मासे मांडलेले असायचे. मागे पडवीत चूल आणि चार बाकडी. मासा निवडायचा, घरी न्यायचा नाहीतर तिथेच तिच्या हातचा खायचा. तांदळाची भाकरी, आंबटसर कालवण, तव्यावर तळलेला तुकडा... घाट उतरून येणारे ट्रकवाले लांबूनच हॉर्न वाजवायचे.

नियम दोनच. दिवे लागायच्या आत टोपली रिकामी, उरलंच तर घरात शिजवायचं, उद्याच्या फळीवर ठेवायचं नाही. आणि दुसरा, गिऱ्हाइकाने स्वतःच्या बोटाने कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा द्यायचा नाही. खोपोलीच्या कारखान्यातले एक इंजिनियर साहेब मोटारीतून यायचे. त्यांना बोट घालायची किळस. म्हणाले, "मावशी, तुमच्यावर विश्वास आहे आमचा." ही म्हणाली, "इश्वास देवावर ठेवा सायेब. मासा बघून घ्या." घातलं की हो साहेबांनी बोट! डोंगरातल्या वाडीवरची ठाकरीण लाकडाची मोळी घेऊन यायची, तिलाही तोच नियम. ती लाजून मागे सरायची. वहिनी म्हणायची, "मी तुझी लाकडं ओली का सुकी बघते का नाय? मंग तू माझा मासा बघ." बघता बघता सगळ्या खालापुराला मासा बघून घ्यायची सवय लागली. तो मुंडकीछाटू मासेवाला पुन्हा आमच्या रस्त्याला दिसला नाही.

कधी एसटी चुकायची, पावसाळ्यात होड्या बंद असायच्या. लोक उगाच ताटकळायला नकोत म्हणून वहिनीने मला बसवून एका पत्र्यावर लाल रंगाने लिहून घेतलं, 'आज मासे नाहीत'. माझं अक्षर तेव्हा गिचमिड, 'नाहीत'चा त पत्र्याच्या काठावरून खाली लोंबलेला. त्या दिवशी डाळ-भात मिळायचा. मासे नसताना मासे आहेत असं भासवायची तिला लाज वाटायची. पुढे दादाने रंगाऱ्याकडून मोठा बोर्ड करून घेतला, 'हिराबाईंची ताजी मासळी व खानावळ'. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि कितीतरी वेळ तो बघत राहिली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला, पण त्यातलं 'ताजी' कुठलं ते माझ्याकडून विचारून घेतलं.

दादा गेला आणि मनोहरने कारभार हातात घेतला. मी तोवर लग्न होऊन नेरळला, तिथल्याच शाळेत मास्तरीण. मनोहरने बाकड्यांच्या जागी टेबलं आणली, पंखे लावले, छान झालं. मग त्याने फ्रीजर आणला. आठवड्यातून दोनदा टेंपोने माल येऊ लागला, आणि येतानाच मुंडकी उडवलेली! फ्रीजर आल्यापासून 'आज मासे नाहीत' असा दिवसच उगवला नाही. वहिनी फळीपाशी स्टूल टाकून बसायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायची, "हा परवाचा हाय. खाऊ नका." चार-पाच गिऱ्हाइकं उठून गेली तसा मनोहरने तिला मागच्या खोलीत हलवली. लोकांना सांगितलं, आईला आराम हवा. पुढे पुढे सांगायला लागला, आईचं डोकं फिरलंय, काहीबाही बोलते. शोभतं का हे? ज्या बाईला गोणपाट उचलायच्या आधी वासावरून कळायचं टोपलीत काय आहे, तिला वेडी ठरवली, कशासाठी, तर ती खरं बोलते म्हणून! आणि बोर्ड मात्र तिच्याच नावाचा.

शेवटची भेटले तेव्हा ती खाटेवर बसून भाकरीशी मिरचीचा ठेचा खात होती. सुनेने ठेवलेली माशाची वाटी बाजूला सरकवलेली. मला म्हणाली, "सुमे, मला येडी म्हन्तात ते म्हनू दे गं. पन माझं नाव तेवढं उतरव त्या बोर्डावरनं. लोकं माझ्या नावावर खातात..." मी तडक मनोहरकडे गेले. तो मुळीच चिडला नाही, हसला. "आत्या, त्या नावावर तर गिऱ्हाईक येतं. ते कसं उतरवू?" मी आणखी भांडायला हवं होतं. पोरांच्या परीक्षा होत्या, मला गाडी गाठायची होती... गेले निघून. तीन आठवड्यांनी शाळेत फोन आला, वहिनी गेली. मनोहरचा राग येतो, तसा त्या दिवशीच्या माझ्या घाईचाही येतो.

दहाव्याहून परतल्यावर मी तिच्या खोलीत गेले. तिची लुगडी आवरताना भाताच्या कोठीमागे कापडात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. तो पत्रा होता. मनोहरने भंगारात टाकला असणार आणि हिने उचलून आणून जपला असणार. रंग थोडा उडालाय, पण लोंबलेला त अजून तसाच आहे.

मी तो पदराखाली घेतला नाही की पिशवीत लपवला नाही. दोन्ही हातांत धरून पुढे आले. हॉटेल सुरू झालं होतं, आई जाऊन दहा दिवस होतायत तोवर! बोर्डाखाली पत्र्यासाठी ठोकलेला जुना खिळा होताच. स्टूल ओढलं, वर चढले आणि लावला. आत जेवणारी माणसं मान वळवून वाचायला लागली. वर 'हिराबाईंची ताजी मासळी', खाली 'आज मासे नाहीत'. एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने हातातला घास ताटात ठेवला, ताट पुढे सरकवलं आणि मनोहरला विचारलं, "मुंडकं दाव रं याचं."

मनोहरने पत्रा दुसऱ्या दिवशी काढला. मी रविवारी जाऊन पुन्हा लावला. तो काढतो, मी लावते, असे सहा रविवार झाले. गेल्या रविवारी तो वैतागून म्हणाला, "आत्या, किती दिवस चालायचं हे?" मी म्हटलं, "तुझ्या आईचं नाव उतरव, मी पत्रा उतरवते." उद्या रविवार आहे. रंगाची डबी आणून ठेवली आहे, अक्षरं जरा फिकी झालीत.